तिरुपतीचं दर्शन, कांजीवरमची खरेदी आणि ६५ हजारांचा प्रवासखर्च

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला तो नीट कळला की नाही हे तुम्हालाही दिसेल. तुम्ही कोल्हापुरात, राजारामपुरीत घरूनच साड्या विकता. माल सुरतचा, थोडा कोल्हापूरजवळच्या गांधीनगरच्या होलसेलवाल्यांकडचा आणि आता कांजीवरम. गिऱ्हाईक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आणि इन्स्टाग्रामवर. पार्सलं बेळगाव, पणजीपर्यंत जातात. वर्षाची विक्री ३४ लाख, त्यातले ३० लाख यूपीआयने किंवा बँकेतून, बाकी रोख. दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही, मिस्टर, सासूबाई आणि दोन मुलं हरिप्रिया एक्स्प्रेसने तिरुपतीला गेलात. दर्शन झालं, तिथून टॅक्सीने कांचीपुरम, दोन दिवस दुकानं आणि विणकरांची घरं पालथी घालून १ लाख ८० हजारांच्या साड्या घेतल्या. मग एक दिवस मुलांसाठी महाबलीपुरम, आणि घरी. साड्या सोडून खर्च झाला ६५ हजार. दीर म्हणतात, खरेदीचं बिल आहे ना, सगळा खर्च धंद्यात टाका, तेवढं करपात्र उत्पन्न कमी होईल. रिटर्न भरून देणारा मुलगा म्हणतो, देवदर्शनाला गेला होता, एक रुपयाही टाकू नका. खरं कोणाचं?

दोघांचंही अर्धंअर्धं. पण किती टाकायचे याच्या आधी दोन गोष्टी बघाव्या लागतात. त्या बघितल्यावर कदाचित वादच उरणार नाही. (खाली येणारे कलमांचे आकडे १९६१ च्या आयकर कायद्यातले आहेत. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा कायदा लागू होतो आणि आकडे बदलतात. तुमची सहल दिवाळीतली, म्हणजे २०२५-२६ या वर्षातली, म्हणून तिला जुनाच कायदा. तसंही या विषयातलं तत्त्व दोन्हीकडे एकच आहे.)

पहिली गोष्ट. मागच्या वर्षीच्या रिटर्नचं पहिलं पान काढा आणि त्यावर फॉर्मचं नाव आयटीआर-३ आहे की आयटीआर-४ ते बघा. तुमच्यासारख्या छोट्या व्यापाऱ्यांची बहुतेक रिटर्न्स आयटीआर-४ मध्ये, कलम ४४एडीखाली भरलेली असतात. त्यात हिशेबाच्या वह्या मागत नाहीत. बँकेतून आलेल्या विक्रीवर ६ टक्के आणि रोख विक्रीवर ८ टक्के नफा धरला जातो. तुमच्या आकड्यांवर तो ३० लाखांचे १ लाख ८० हजार आणि ४ लाखांचे ३२ हजार, असे मिळून २ लाख १२ हजार होतो. या सोयीची किंमत अशी की सगळे खर्च त्या टक्केवारीतच वजा झालेले आहेत असं कायदा मानतो. प्रवास, पॅकिंग, मोबाइल, कुरिअर, सगळं. त्यातून पुन्हा कांचीपुरमची टॅक्सी वजा करता येत नाही. म्हणजे तुम्ही ४४एडीत असाल तर रिटर्न भरून देणाऱ्या त्या मुलाचं उत्तर बरोबर आहे, फक्त त्याने सांगितलेलं कारण चुकीचं आहे.

एक जोडून सांगतो, कारण इथे बरेच जण फसतात. ६ आणि ८ टक्के हा किमान आकडा आहे. तुम्हीच लिहिलंय की सगळं जाऊन वर्षाला सहाएक लाख सुटतात. मग २ लाख १२ हजार दाखवून मोकळं व्हायचं का? मी माझ्या क्लायंटना तसं करू देत नाही. खरा नफा माहीत असेल तर तो दाखवावा. उद्या घराच्या कर्जासाठी बँकेत गेलात की हेच रिटर्न समोर ठेवावं लागतं, आणि तेव्हा ‘साहेब, खरं उत्पन्न जास्त आहे’ असं सांगायची सोय राहत नाही.

‘मग ४४एडी सोडून वह्या ठेवते आणि खर्च टाकते’ असं मनात आलं असेल, तर जरा थांबा. एकदा त्यात शिरून पाच वर्षांच्या आत बाहेर पडलात तर पुढची पाच वर्षं परत येता येत नाही, आणि उत्पन्न करपात्र मर्यादेच्या वर असेल तर ऑडिटही गळ्यात पडतं. एका सहलीच्या खर्चासाठी हा उद्योग करू नका.

दुसरी गोष्ट अजून साधी. २०२५-२६ साठी नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलत धरून कर शून्य होतो. शेअर्सच्या नफ्यासारखं वेगळ्या दराने कर लागणारं उत्पन्न मात्र त्यात बसत नाही. तुमचं उत्पन्न सहा लाख. मिस्टरांचा पगार त्यात मिळवत नाहीत, तो त्यांचा वेगळा. तेव्हा नव्या प्रणालीत असाल तर ६५ हजार टाकले काय, नाही टाकले काय, कर तोच, शून्य. घरात ज्यावरून दिवाळीपासून वाद चाललाय त्यातून वाचणारी रक्कम शून्य रुपये आहे! रिटर्न मात्र भरायचंच, कारण उत्पन्न ४ लाखांच्या वर आहे.

तुम्हाला दुसरं काही उत्पन्न आहे का, जुनी प्रणाली (वजावटी मिळणारी, पण ही १२ लाखांची सवलत नसलेली) निवडली आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि उत्तर त्यावर फिरतं. (धंद्याचं उत्पन्न असणाऱ्याला जुन्या-नव्यात दरवर्षी उड्या मारता येत नाहीत, हेही लक्षात ठेवा.) म्हणून पुढचं सगळं असं धरून लिहितो की तुम्ही वह्या ठेवता, आयटीआर-३ भरता, जुन्या प्रणालीत आहात आणि सगळ्या वजावटी जाऊन सहा लाख उरतात. तसं नसलं तरी वाचा. धंदा वाढला की कधीतरी तिथे पोचालच.

तर आता मूळ मुद्दा. कलम ३७ म्हणतं की खर्च पूर्णपणे आणि केवळ धंद्यासाठी झालेला हवा, आणि तो वैयक्तिक नसावा. परदेशातल्या काही ठिकाणी दिवस मोजायचे नियम आहेत; इतके दिवस काम, इतके दिवस मजा, मग त्या प्रमाणात भाडं. आपल्याकडे प्रवासासाठी असं कोष्टक नाही. त्यामुळे ‘सहा दिवसांतले दोन दिवस खरेदी, म्हणून एक तृतीयांश खर्च’ हे गणित कागदावर छान दिसतं, पण त्याला आधार नाही. मी गेली बावीस वर्षं एकच रीत वापरतो. सहल अख्खी बघायची नाही. तिचे तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्याला दोन प्रश्न विचारायचे. धंदा नसता तर हा खर्च झाला असता का? आणि मी एकटीच गेले असते तर किती झाला असता?

तुमच्या यादीला हे लावून बघू. कोल्हापूर ते तिरुपती रेल्वेची जाऊन-येऊन पाच तिकिटं, १४ हजार. ३०० रुपयांची दर्शनाची तिकिटं तुम्ही आधीच पाचजणांची काढून ठेवली होती, मुलांना सुट्टी होती. साडीचा धंदा नसता तरी तुम्ही तिरुपतीला जाणारच होता. म्हणून रेल्वेचा एक रुपयाही नाही. तुमच्या एकटीच्या तिकिटाचेही नाहीत. इथे दीर भांडतील, पण भाडं दर्शनासाठी आधीच दिलेलं होतं. कांचीपुरम त्याला नंतर जोडलं गेलं.

तिरुपतीचं राहणं, जेवण, दर्शन मिळून १३,५००. सोडा. हुंडीत टाकलेले पैसेही सोडा. ‘धंद्याला बरकत यावी म्हणूनच टाकले’ असं मला दरवर्षी कोणीतरी सांगतं! दिवाळी-मुहूर्ताच्या खर्चाबद्दल प्रत्यक्ष कर मंडळाचं १९६८ चं परिपत्रक आहे. दुकानातलं पूजन, गिऱ्हाइकांना पेढे हे त्यात बसतं. पण तिथेही धार्मिक आणि घरगुती खर्च बाजूलाच ठेवलेला आहे.

तिरुपती ते कांचीपुरम टॅक्सी, ४,५००. इथे धंदा सुरू होतो. साड्या घ्यायच्या नसत्या तर तुम्ही तिकडे वळला नसता, म्हणून पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या बाजूने. दुसरा प्रश्न मात्र अडवतो. एकट्या असता तर टॅक्सी केली असती का? बहुधा बसने गेला असता. मी पाचातला एक वाटा धरतो, ९०० रुपये. काही सहकारी म्हणतील की गाडीचं भाडं एकाला आणि पाचांना सारखंच, पूर्ण घ्या. त्यांच्या म्हणण्यात दम आहे, विशेषतः गाडीतून माल आणला असेल तर. तुमचा माल पार्सलने आला, म्हणून मी वाट्यावर थांबतो. परतीची महाबलीपुरम ते तिरुपती टॅक्सी ६,००० ची. कांचीपुरमहून परतायला तुम्हाला तितकाच एक वाटा लागला असता म्हणून तिथेही ९००.

कांचीपुरमच्या हॉटेलात दोन खोल्या, दोन रात्री, ८,८००. दोन्ही दिवस खरेदीत गेले, तेव्हा एक खोली दोन रात्री, ४,४००. त्या खोलीत मिस्टरही होते, म्हणून अर्धी करायची का? नाही. एकट्या असता तरी खोली तेवढ्यालाच पडली असती. कांचीपुरमातल्या रिक्षा ९००, पूर्ण. दोन दिवसांचं जेवण ४ हजार, त्यातलं तुमचं ८००. साड्यांचं पार्सल १,५००, पूर्ण. महाबलीपुरमचे ११,८०० अर्थातच नाहीत.

बेरीज करा: ९,४००.

म्हणजे ६५ हजारांतले ९,४००. सहा लाखांच्या उत्पन्नावर जुन्या प्रणालीत वरचा दर २० टक्के, त्यावर ४ टक्के उपकर, म्हणून वाचले साधारण १,९५५ रुपये. दिरांचं ऐकलंत तर १३,५२० वाचतील, हे खरं. पण तो खर्च नाकारला गेला आणि ‘चुकीची माहिती दिली’ असं ठरलं, तर लपवलेल्या उत्पन्नावरच्या कराच्या दोनशे टक्के दंड लागतो. तुमच्या बाबतीत तो सुमारे २३ हजार, वर मूळ कर आणि व्याज वेगळंच.

आता उलटी बाजूही सांगतो, नाहीतर मी सगळंच नाकारतो असं वाटेल. समजा तुम्ही अहमदाबादच्या गाडीने एकट्या सुरतला गेलात, रिंग रोडच्या मार्केटमध्ये तीन दिवस हिंडलात आणि रविवारी मार्केट बंद म्हणून दुपारी मावसबहिणीकडे जेवायला गेलात. रेल्वेभाडं पूर्ण धंद्याचं. हॉटेल पूर्ण. बहिणीकडे गेल्याने तुमचं भाडं एका पैशानेही वाढलं नाही. इथे दिवस-तास मोजत बसणाऱ्या सल्लागाराचं ऐकू नका. मोजायचंच असेल तर बहिणीकडे नेलेली मिठाई वगळा, झालं. मिस्टर सोबत आले तर त्यांचं तिकीट मात्र तुमच्या खर्चात येत नाही, ते खरोखर तुमच्या धंद्यात काम करत असतील तर गोष्ट वेगळी. ‘बॅगा उचलायला आले’ हे काम धरत नाहीत.

माझ्याकडच्या एका जुन्या फाइलची गोष्ट. कपड्याचाच धंदा. गोव्याच्या पाच रात्री ‘मार्केट सर्व्हे’ म्हणून टाकलेल्या, आणि मी तेव्हा नवीन होतो, बिल न वाचता आकडा लावला. स्क्रुटिनीत, म्हणजे आयकर खात्याने रिटर्न तपासायला घेतलं तेव्हा, अधिकाऱ्याने बिल वाचलं. त्यावर होतं: दोन प्रौढ, दोन मुलं, एक जादा गादी. ते गेलंच, पण खरं नुकसान पुढे झालं. त्याच माणसाच्या मुंबईच्या आठ-दहा खऱ्याखुऱ्या फेऱ्या होत्या, त्यांनाही आता पुरावा मागितला गेला. त्याच्याकडे तिकिटं होती, पण कोणाला भेटला याची नोंद नव्हती. त्यातला मोठा भाग बुडाला. तेव्हापासून मी हॉटेलचं बिल आधी वाचतो, मग आकडा बघतो.

म्हणून पुरावा. खरेदीचं बिल पुरेसं नाही. ते माल घेतला एवढंच सांगतं, तुम्ही त्यासाठी गेलात हे सांगत नाही. निघायच्या आधीचं काहीतरी हवं. विणकराशी किंवा दुकानदाराशी ‘अमुक तारखेला येते, बुट्ट्याची कांजीवरम दाखवा’ असा व्हॉट्सअ‍ॅप झाला असेल तर तो जपा. तिथे काढलेले साड्यांचे फोटो, यूपीआयच्या नोंदी, ट्रान्सपोर्टची पावती. आणि एक साधी वही, तारीख, गाव, कोणाकडे गेले, काय घेतलं किंवा का घेतलं नाही. हो, ‘भाव जमला नाही’ हीसुद्धा चांगली नोंद आहे. माल न घेता आलेली फेरीही धंद्याचीच असते. फक्त तेव्हा बिल नसतं, म्हणून वही जास्त कामाची. हॉटेलात दोन खोल्या असतील तर बिलं वेगळी करून घ्या, काउंटरवर कोणी नाही म्हणत नाही. हे सगळं आठ वर्षं ठेवा.

रोख पैशांचं तुम्ही विचारलं नाहीत, पण कांचीपुरम म्हटल्यावर सांगायलाच हवं. एका माणसाला एका दिवसात १० हजारांच्या वर रोख दिले तर कलम ४०ए(३) प्रमाणे तो खर्च मान्य होत नाही, आणि यात मालाची खरेदीही येते. तुम्ही दुकानात ४० हजार रोख दिले असतील तर ६५ हजारांच्या सहलीपेक्षा तेच जास्त महाग पडेल. एक अपवाद आहे. वीज न वापरता कुटीरोद्योगात बनवलेला माल थेट बनवणाऱ्याकडून घेतला तर ही मर्यादा लागत नाही. हातमागावर विणणाऱ्याला त्याच्या घरी रोख दिलेत तर चालेल. त्याचं नाव, गाव, सही घेतलेली पावती ठेवा. शोरूमवाल्याला हा अपवाद नाही, त्याने कितीही ‘हँडलूम, हँडलूम’ म्हटलं तरी.

सासूबाईंसाठी घेतलेली साडी आणि तुमची स्वतःची एक, या त्या १ लाख ८० हजारांत आहेत ना? त्या स्टॉकमधून काढा आणि तुमची वैयक्तिक उचल म्हणून लिहा. उरलेल्यांपैकी ३१ मार्चला जितक्या कपाटात असतील तितक्यांची किंमत अखेरचा शिल्लक माल म्हणून दाखवायची. खरेदी केली म्हणजे त्याच वर्षी सगळा खर्च झाला, असं होत नाही. विकली गेली तेव्हा ती साडी खर्चात येते.

आता तुमच्या प्रश्नात नसलेली, पण मला सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट. तुम्ही लिहिलंय की विक्री ४० लाखांच्या आत आहे म्हणून जीएसटी नंबर घेतलेला नाही. आणि त्याच दमात, पार्सलं बेळगाव आणि पणजीला जातात. ताई, ४० लाखांची मर्यादा महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात माल विकणाऱ्याला. आपल्याला बेळगाव शेजारचं वाटतं, निम्मे नातेवाईक तिकडेच असतात, पण जीएसटीच्या लेखी ते दुसरं राज्य आहे. करपात्र माल राज्याबाहेर विकला की पहिल्या रुपयापासून नोंदणी लागते. काही हस्तकला वस्तूंना यात सवलत आहे, पण सुरतच्या सिंथेटिक साडीला ती नाही, आणि तुमची बहुतेक विक्री त्याचीच असणार.

नंबर घेतलात की प्रवासाच्या बाबतीत दोन गोष्टी बदलतील. तमिळनाडूतल्या हॉटेलने लावलेला जीएसटी तिथलाच असतो, त्याचं क्रेडिट (खरेदीवर भरलेला कर आपल्या देण्यातून वजा करणं) महाराष्ट्रातल्या नोंदणीला मिळत नाही. तेव्हा हॉटेलचं बिल करासकट खर्चात धरायचं. साड्यांचं मात्र मिळू शकतं. त्यासाठी बिलावर तुमचा नंबर आणि कोल्हापूरचा पत्ता हवा, आणि माल तिथूनच ट्रान्सपोर्टने पाठवायला सांगा म्हणजे दुकानदार आयजीएसटी, म्हणजे दोन राज्यांमधल्या विक्रीवरचा जीएसटी, लावेल. ५० हजारांच्या वरच्या मालाला ई-वे बिल, म्हणजे वाहतुकीसाठी लागणारा ऑनलाइन कागद, तोच काढून देईल.

तेव्हा या आठवड्यात आधी नंबरासाठी अर्ज करा, आणि तो येईपर्यंत बेळगाव-पणजीची पार्सलं थांबवा. मागच्या रिटर्नचं पहिलं पान आणि दुसरं काही उत्पन्न असेल तर ते मला कळवा. ९,४०० चं काय करायचं ते त्यानंतर पाच मिनिटांत सांगतो.